सिलिॲक आणि एकत्र कुटुंबाचं स्वयंपाकघर: घरातला गहू पूर्ण बंद करावा का?

रुणझुण

माझ्या सात वर्षांच्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. बायोप्सीनंतर (आतड्याचा बारीक तुकडा तपासल्यावर) ते नक्की झालं. गहू, जव आणि राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) कायमचं बंद. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, ती आणि तिचा चार वर्षांचा भाऊ असे सहा जण आहोत. रोज पंचवीसेक पोळ्या लागतात, त्या करायला मावशी येतात. ओटा एकच आहे, तोही लहान.

सगळ्या घराचा गहू बंद करावा की तिचं वेगळं करावं, हे ठरत नाहीये. वेगळं करायचं तर नेमकं काय काय वेगळं लागतं? गिरणीवाले काका म्हणतात, "आधी किलोभर तांदूळ दळून घेतो, मग तुमची ज्वारी टाकतो." एवढं पुरतं का? डब्यातली भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत पापडासारखी होते आणि तशीच परत येते. आणि सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्याशा कणकेनं काय होतंय?" त्या प्रेमानंच म्हणतात, पण त्यांना पटेल असं काय सांगू? ज्यांच्याकडे हे रोजचं आहे त्यांनी कृपया नेमकं सांगा.

---

पाटा_वरवंटा

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. सिलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसभरात मिळून १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन पोटात गेलं तर सहसा इजा होत नाही. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. कणकेत ढोबळमानाने दहा टक्के ग्लुटेन धरा. म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, पोळी लाटताना लावायच्या पिठीची एक चिमूट, ही झाली ५० मिलिग्रॅम. पोट दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही असंही नाही, आतली इजा मुकाट्याने होत राहते. भाजल्याने, तळल्याने किंवा उकळल्याने ग्लुटेन जात नाही. सासूबाईंना हा चिमटीचा हिशोब पिठी हातात घेऊनच दाखवा.

आता स्वयंपाकघर. मुलीसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. दोन भाज्या, दोन आमट्या हे महिनाभर जमतं, मग घाईत चमचा इकडचा तिकडे होतोच. सगळ्यांची भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, चटणी, फोडणी ग्लुटेनमुक्त करा आणि गहू फक्त पोळीपुरता ठेवा. मराठी जेवणात हे अवघड नाही. ताटातला गहू बहुतेक वेळा पोळीतच असतो, बाकी लपलेला गहू मोजक्या ठिकाणी सापडतो.

त्यात पहिला नंबर हिंगाचा. बाजारातला पूड हिंग बहुधा बांधणीचा असतो, म्हणजे त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. डबीवर घटक वाचा, "गव्हाचं पीठ" दिसलं तर ती घरातून काढाच. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. नाही मिळाला तर लसणाची फोडणी द्या, घरातल्या कोणाचं काही बिघडत नाही. दुसरं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. दोन्हींत परंपरेने गहू पडतो, म्हणून विकतचं बंद. मेतकुटात गव्हाच्या जागी तेवढाच तांदूळ भाजून घाला. भाजणीसाठी ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, धणे पाव वाटी आणि जिरे एक मोठा चमचा असं घ्या. गहू नसल्याने थालीपीठ तुटेल अशी भीती वाटते, पण उडीद आणि तांदूळ ते धरून ठेवतात. फक्त कोमट पाण्यात भिजवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

कुरडई गव्हाच्या चिकाची असते, हे घाईत लक्षात येत नाही. कुरडई किंवा पुऱ्या तळलेल्या तेलात तांदळाचे पापड तळले तर तेही तिला चालत नाहीत. उडदाच्या पापडात हिंग असतो, पुडा वाचून घ्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतोच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बंद, माल्ट जवाचा असतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी बहुतेकांत माल्टचा अर्क असतो. सोया सॉस सहसा गहू घालून आंबवतात. आणि खपली गहू "पचायला हलका" म्हणून कोणीतरी हमखास सुचवेल. खपली हा गहूच आहे. तिला तो अजिबात नको.

भांड्यांवर उगाच खर्च करू नका. स्टीलची भांडी, कुकर, काचेच्या बरण्या आणि चमचे साबणाने नीट घासले की पुरे. वेगळं लागतं ते ज्यातून पीठ निघत नाही ते: लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, लोखंडी तवा, पिठाची चाळणी, तळणीचा झारा आणि तेल, भांडी घासायची घासणी. चाळणी तर दहा वेळा धुतली तरी जाळीत पीठ राहतं. तिच्या वस्तूंना लाल चिकटपट्टी लावा. अक्षरं घाईत कोणी वाचत नाही, रंग मात्र दिसतो.

मावशींच्या कामाचा क्रम बदलावा लागेल. आधी भाकऱ्या आणि मुलीचा डबा. ते झाकून ओट्यापासून दूर गेलं की मगच कणकेचा डबा उघडायचा. कोरडं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत राहतं, म्हणून कणीक मळताना शेजारी उघडं काही नको. पोळ्या झाल्यावर ओटा ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने झटकला की पीठ सगळीकडे पसरतं. ते फडकंही वेगळंच ठेवा. मिठाची बरणी, मसाल्याचा डबा, तुपाचं भांडं यांना कणकेचे हात लागतात. त्यावर उपाय म्हणजे पोळ्यांसाठी मीठ आणि तूप वेगळ्या वाटीत काढून द्यायचं. ब्रेडला लोणी-जॅम लावलेला सुरा परत बरणीत जातो, म्हणून तिची बरणी वेगळी.

हे सगळं मावशींना हुकूम म्हणून सांगू नका. मुलीला काय होतं ते समजावून सांगा. कारण कळलं की त्या स्वतःहून लक्ष ठेवतात.

---

शुभ्रा_के

वरचं सगळं मान्य, पण लहान मुलं असलेल्या घरात मी निदान पहिले सहा महिने गहू पूर्ण बाहेर ठेवावा याच मताची आहे. चार वर्षांचा भाऊ बिस्किट हातात घेऊन घरभर फिरतो आणि त्याच हाताने ताईच्या ताटातलं उचलतो. त्याला लाल पट्टी कळत नाही.

मात्र रुणझुण, गहू बंद करण्याआधी एक काम अगदी न चुकता करा: भावाची आणि तुम्हा दोघांची तपासणी. आई-वडील आणि सख्खी भावंडं यांच्यात सिलिॲक असण्याची शक्यता साधारण दहात एक असते आणि त्रास काहीच नसतानाही तो असू शकतो. टीटीजी-आयजीए ही सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं बघायची रक्ताची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण), असं दोन्ही सांगा. शरीरात आयजीएच कमी असेल तर पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येते. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. तिच्यासोबत सगळ्यांनी गहू सोडला आणि चार महिन्यांनी भावाचं रक्त दिलं, तर रिपोर्ट चांगला येईल आणि त्याला काहीच अर्थ नसेल. आज निगेटिव्ह आली तरी पुढे कधी परत करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण हा आजार नंतरही उद्भवतो.

मुलीचं म्हणाल तर साधारण सहा महिन्यांनी टीटीजी परत करतात, मग वर्षातून एकदा. आकडा उतरत गेला पाहिजे. एकदम शून्यावर येत नाही, त्यासाठी घाबरू नका. उतरायचा थांबला तर घरात कुठूनतरी गहू जातोय असं समजून पुन्हा शोधायला लागा. आधी हिंग, पीठ आणि शाळा बघा. लोह, बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाची तपासणीही विचारा. उंची-वजन दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. सुरुवातीला दुधाने पोट फुगत असेल तर ते आतड्याचं अस्तर खराब झाल्याने असतं, अस्तर भरून आलं की दूध बहुधा परत पचतं. तोवर दही-ताक चालतं का ते बघा.

---

सोलापुरी_ज्वारी

मी फक्त पीठ आणि भाकरीबद्दल लिहितो.

गिरणीचा उपाय पुरत नाही. किलोभर तांदूळ दळला तरी जात्याच्या खाचांत, नळीत आणि खालच्या कापडी पिशवीत गहू राहतोच, शिवाय गिरणीची हवाच पिठाने भरलेली असते. बेसनाचंही तेच. हरभऱ्यात ग्लुटेन नाही, पण ज्या गिरणीवर गहू दळला त्याच गिरणीचं बेसन तिला चालणार नाही. घरघंटी घेता आली तर घ्या आणि तिच्यात गहू कधीही टाकू नका, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. नातेवाइकांची वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळत असेल तरी नको. विकतचं पीठ घ्यायचं तर पुड्यावर "ग्लुटेन फ्री" लिहिलेलं घ्या. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच तसं लिहिता येतं. म्हणजे असं पीठ दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच्या आतच राहतं.

धान्य निवडणं टाळू नका. ज्वारी-बाजरीच्या पोत्यात गव्हाचे दाणे येतात, कारण शेत, खळं, पोती, काटा सगळं तेच असतं. मोठ्या थाळीत एकावर एक दाणा येणार नाही इतकं पातळ पसरायचं आणि उजेडात निवडायचं. गोल ज्वारीत लांबट, रेघ असलेला गव्हाचा दाणा लगेच दिसतो. मग दोन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मगच दळा. ओलसर ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं.

ज्वारी रब्बीची घ्या, मालदांडी मिळाली तर उत्तम. खरिपाच्या संकरित ज्वारीची भाकरी भरड होते आणि लवकर वाळते. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो, मग थापताना कडा फाटतात आणि दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला मिळतो.

डब्यासाठी थापलेली भाकरी नको, उकडीची करा. एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळून उकळी आणा, एक वाटी पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, ओल्या हाताने पाच मिनिटं मळा. गव्हाचा चिवटपणा ज्वारीत नसतो, इथे शिजलेला स्टार्च ते काम करतो. म्हणून पाणी नुसतं गरम असून भागत नाही, उकळतंच हवं. कोमट पाण्यात केलेली उकड लाटताना हमखास तुटते. मग ज्वारीचीच पिठी लावून पोळीसारखी पातळ लाटायची आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर पटापट भाजायची. मंद आचेवर ठेवली की पाणी उडून जातं आणि तुमची तक्रार आहे तो पापड तयार होतो. तव्यावरून उतरवली की तूप लावून सुती फडक्यात गुंडाळा, वाफ गेल्यावर डब्यात भरा. गरम असताना डबा बंद केला तर खालची ओली आणि वरची चिवट होते.

गुंडाळी करून द्यायची असेल तर वाटीभर पिठाला एक चहाचा चमचा इसबगोल घाला आणि पाणी दोन चमचे वाढवा. इसबगोल जास्त झालं की तोंडात रबरासारखं लागतं.

नाचणीची उकडही याच मापाने होते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून आठवड्यातून तीनदा तरी डब्यात असावी. नुसत्या तांदळावर मूल ठेवलं तर बद्धकोष्ठ होतं आणि लोहही कमी पडतं.

घरघंटी येईपर्यंत पिठाशिवाय चालवा: दोन वाट्या ज्वारी आणि अर्धी वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, आठ तास भिजवून मिक्सरवर वाटा, रात्रभर आंबवा. डोसे, आप्पे, उत्तप्पे सगळं होतं. ज्वारी नीट भिजली नाही तर पीठ रवाळ राहतं आणि डोसा तव्याला चिकटतो.

---

न्यूजर्सीकर

परदेशातल्या वाचकांसाठी थोडं. अमेरिकेत पाकिटावर गव्हाचा उल्लेख स्पष्ट करावा लागतो, पण जव आणि राय त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून "गहू नाही" एवढं वाचून थांबू नका, घटकांत माल्ट शोधा. ब्रिटन आणि युरोपात ग्लुटेन असलेली सगळी धान्यं घटकांच्या यादीत ठळक दाखवावी लागतात. भारतीय दुकानांतल्या ज्वारी-बाजरीच्या पिशव्यांवर बऱ्याचदा मागच्या बाजूला बारीक अक्षरात "गहू हाताळणाऱ्या कारखान्यात पॅक केलेले" असं असतं. तसं पीठ नको.

---

रुणझुण

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी तपासण्या, मग गहू बंद, हा क्रम तर माझ्या ध्यानातच आला नव्हता. मंगळवारी तिघांचंही रक्त देतोय. पिठीचा हिशोब सासूबाईंना दाखवला. त्या गप्प झाल्या आणि मग स्वतःच हिंगाची डबी घेऊन वाचायला बसल्या.

आता दोन गोष्टी उरल्यात. शाळा आणि सणवार कसे सांभाळायचे? आणि मे महिन्यात गावी जायचंय, पूर्ण एक दिवसाचा रेल्वे प्रवास आहे.

---

पाटा_वरवंटा

शाळेत वर्गशिक्षिकेला तोंडी सांगून थांबू नका, एका कागदावर लिहून द्या: कोणते पदार्थ नाहीत, चुकून खाल्लं तर काय होऊ शकतं, कोणाला फोन करायचा. मुलीला एकच नियम शिकवा, तो तिला पाळता येतो: आपल्या डब्यातलं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याच्या डब्यातलं घ्यायचं नाही. वाढदिवसाचा केक वर्गात येतो तेव्हा मूल हिरमुसतं, म्हणून बाईंकडे एक बंद डबा आधीच देऊन ठेवा, शेंगदाण्याची चिक्की आणि तिच्या आवडीची घटक वाचून घेतलेली चॉकलेटं भरून. दर महिन्याला तो डबा बघून भरायचा. भाऊ बालवाडीत मळलेल्या कणकेच्या गोळ्यांशी खेळत असेल तर घरी आल्याबरोबर हात धुवायला लावा, हे मात्र विसरायला होतं.

सणांचं इतकं मनावर घेऊ नका. उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, तिळगूळ, पातळ पोह्यांचा चिवडा यांत मुळात गहू नाही. फक्त पीठ, हिंग आणि तेल सांभाळायचं. चकलीच्या भाजणीतही गहू नसतो, पण ती घरच्याच घंटीवर दळा. अडतात त्या पुरणपोळी, करंजी आणि शंकरपाळी. पुरणपोळीसाठी तांदळाची उकड काढून त्यात वाटीला एक चमचा इसबगोल घाला, पुरण नेहमीपेक्षा कोरडं शिजवा आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा. पोळी लहान करा, पुरीपेक्षा थोडी मोठी. मोठी उलटताना फाटते. पुरण जराही सैल असलं की बाहेर येतं, तेव्हा सगळी मेहनत पुरणावरच घ्या. सत्यनारायणाचा प्रसाद वरीच्या तांदळाचा किंवा तांदळाच्या रव्याचा करा आणि सगळ्यांना तोच द्या. रव्याचा शिरा करून तिला "तुझं वेगळं" म्हणून बाजूची वाटी देऊ नका. त्या वयात ते फार लागतं.

उपासाचे पदार्थ, राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा हे तिच्यासाठी रोजचे समजा. पण सुटं राजगिऱ्याचं पीठ गिरणीवरचं असतं, तेव्हा लाह्या आणून घरी वाटलेलं बरं.

हॉटेलात इडली-डोशाच्या तव्याला आणि सांबाराला भुलू नका. त्याच तव्यावर पाव भाजतात आणि सांबारात हिंग असतो. कोकणात किंवा गोव्यात मासे मागवलेत तर रवा न लावता तांदळाचं पीठ लावून, स्वच्छ तव्यावर भाजून द्यायला सांगा. हे मात्र स्वयंपाक्याशी बोलूनच, वाढप्याच्या भरवशावर नाही. आईस्क्रीम कपात घ्या, कोन गव्हाचा असतो. आणि कपातलं घेतानाही बिस्किटाचे तुकडे असलेला प्रकार नको.

---

सोलापुरी_ज्वारी

प्रवासाला दशमी न्या. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, चवीला मीठ आणि साधारण वाटीभर उकळतं दूध. पाण्याचा थेंब घालायचा नाही. दूध एकदम ओतू नका, लागेल तसं घाला, कारण पीठ किती जुनं आहे त्यावर माप बदलतं. नेहमीच्या भाकरीसारखा वरून पाण्याचा हात फिरवायचा नाही, दोन्ही बाजूंनी तूप सोडून भाजायची. पूर्ण गार झाल्यावर, पाहिजे तर पंख्याखाली ठेवून, मगच एकावर एक रचा. ऊब राहिली की आत घाम धरतो आणि मे महिन्यात दुसऱ्या दिवशी वास येतो. उन्हाळ्यात एका दिवसापुरतीच धरा.

जास्त दिवसांसाठी आमच्याकडची कडक भाकरी आहे, ती नीट बंद ठेवली तर कित्येक दिवस टिकते. बचत गटांकडून घेताना तिथे पोळ्याही लाटतात का, एवढं विचारा. लाटत असतील तर घरीच करा: भाकरी शक्य तितकी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद तव्यावर फडक्याने दाबत पूर्ण कोरडी करायची. मध्ये ओल राहिली तर मऊ पडते आणि बुरशी धरते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. गावी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी कोणाच्याही चुलीवर अडून राहावं लागू नये म्हणून दोन किलो पीठ, तिचा तवा आणि लाल पट्टीचं लाटणं सामानात टाका.